वारसाहक्काचे घर, थकीत मालमत्ता कर आणि विक्री : जयपूरच्या संदर्भात

74 व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला. कलम 243-भ (एक्स) अन्वये राज्य विधिमंडळ त्यांना कर आकारण्याचे अधिकार देऊ शकते. मालमत्ता कर हा त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा प्रमुख स्रोत होय. मालकाच्या मृत्यूनंतर घर वारसांकडे येते, तेव्हा थकीत कराचे काय होते, हा प्रश्न कायदा व अर्थशास्त्र या दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचा ठरतो.

जयपूरमधील करव्यवस्था

राजस्थानात 2007 मध्ये गृहकर रद्द होऊन नगरीय विकास कर लागू झाला. भूखंडाचे क्षेत्रफळ व जिल्हास्तरीय समितीने ठरविलेला जमिनीचा दर हे त्याचे आधार आहेत. 300 चौरस यार्डांपर्यंतची स्वतंत्र निवासी घरे त्यातून वगळण्यात आली. तथापि कर रद्द होणे आणि जुनी थकबाकी माफ होणे या दोन भिन्न बाबी आहेत. म्हणून जयपूरमधील जुने घर विकताना वारसांनी 2007 पूर्वीचा व नंतरचा हिशेब स्वतंत्रपणे तपासावा.

दायित्व कोणाचे?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, वेगळा करार नसल्यास, विक्रीच्या तारखेपर्यंतची सार्वजनिक देणी विक्रेत्याने भरावयाची असतात. त्यानंतरची देणी खरेदीदाराची. मृताच्या ऋणाबाबत वारसाचे दायित्व सामान्यतः वारशाने आलेल्या संपत्तीपुरते मर्यादित असते.

थकबाकीचा बोजा घरावर असला तरी, कलम 100 नुसार, त्याची माहिती नसताना मोबदला देऊन घर घेणाऱ्याविरुद्ध तो बजावता येत नाही. मात्र अन्य कायद्यात स्पष्ट तरतूद असल्यास गोष्ट वेगळी. अहमदाबाद महानगरपालिका विरुद्ध हाजी अब्दुलगफूर (1971) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर खरेदीदाराला संरक्षण दिले. थकबाकी ठाऊक असलेल्या खरेदीदाराला हे संरक्षण मिळत नाही.

नोंदीतील नावबदल म्हणजे मालकी नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने सावरणी विरुद्ध इंदर कौर (1996) या निकालात स्पष्ट केले. 2005 च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणेनंतर वडिलोपार्जित घरात मुलींचा वाटा मुलांइतकाच असतो. त्यांना वगळून केलेली विक्री वादग्रस्त ठरते.

आर्थिक विश्लेषण

समजा, घराची किंमत 60 लाख रुपये, थकबाकी 2.4 लाख आणि समान वाट्याचे वारस तीन आहेत. विक्रीच्या रकमेतून थकबाकी फेडल्यास प्रत्येकाला 19.2 लाख रुपये मिळतील. थकबाकीचा निश्चित आकडा उपलब्ध नसल्यास सावध खरेदीदार जोखमीपोटी 5 लाख कमी देऊ करील. मग वाटा सुमारे 18.33 लाखांवर येईल, आणि देय रकमेची टांगती तलवार कायम राहील. यालाच कराचे भांडवलीकरण म्हणतात : भावी किंवा थकीत कराचा भार मालमत्तेच्या आजच्या किमतीतूनच वजा होतो. अनिश्चितता मात्र प्रत्यक्ष करापेक्षाही महाग पडते. सारांश, महानगरपालिकेकडून थकबाकीचा लेखी तपशील घेणे, सर्व वारसांची संमती मिळविणे आणि देय रकमेची जबाबदारी विक्रीखतात नमूद करणे, हा क्रम वारस, खरेदीदार व महानगरपालिका या तिघांच्याही हिताचा आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

1. बोजा आणि वैयक्तिक दायित्व यांतील फरक स्पष्ट करा.
2. मालमत्ता कराची थकबाकी घराच्या बाजारभावावर कसा परिणाम करते? सोदाहरण लिहा.