थकीत व्यवसाय कर्ज आणि लोकन्यायालयाचा मार्ग

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील बाजारपेठांचा संसार शेतीच्या पिकावर चालतो. सोयाबीन आणि तुरीचा पैसा हाती आला म्हणजे उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधार येथील शिलाईच्या दुकानांत, वेल्डिंगच्या कारखान्यांत व किराणा दुकानांत गिऱ्हाईक दिसू लागते. पीक बुडाले की प्रथम शेतकरी अडचणीत येतो आणि त्याच्या मागोमाग हा लहान व्यावसायिकही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या वर्षी चहाच्या गाडीपासून धुलाई केंद्रापर्यंत अनेकांचे व्यवसाय कसे चालले असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. कर्जाचे हप्ते थकतात ते बहुधा अशाच काळात.

अशा व्यावसायिकांपैकी अनेकांचे कर्ज शासनाच्या एखाद्या योजनेखालील असते. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ५० हजार रुपयांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर व १० लाखांपर्यंत तरुण अशा श्रेणी ठरविण्यात आल्या. हे कर्ज विनातारण दिले जाते व त्यामागे केंद्र शासनाच्या कर्जहमी निधीचे पाठबळ असते. या ‘हमी’ शब्दाने मात्र ग्रामीण भागात मोठा गैरसमज निर्माण केला आहे. ‘सरकारने हमी घेतली आहे, तेव्हा बुडाले तर सरकार भरील,’ असे सर्रास बोलले जाते. वस्तुतः ही हमी बँकेला दिलेली असते, कर्जदाराला नव्हे. बँकेला निधीकडून भरपाई मिळाली तरी कर्जदाराचे देणे संपत नाही आणि वसुलीची बँकेची जबाबदारीही संपत नाही.

असाच घोटाळा ‘निर्लेखन’ या शब्दाचा होतो. हिशेबाच्या सोयीसाठी बँक जुनी थकबाकी आपल्या ताळेबंदातून काढून टाकते, त्यास निर्लेखन म्हणतात. ती माफी नव्हे. राज्य शासनाने २०१७ व २०१९ साली जाहीर केलेल्या कर्जमाफीच्या योजना शेतीकर्जासाठी होत्या. तशीच माफी आपल्या दुकानाच्या कर्जालाही मिळेल या आशेवर व्याज चढू देणे कोणाच्याच हिताचे नाही.

हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यापूर्वीच बँकेत जाऊन हप्त्यांची फेरआखणी मागता येते. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या अडचणीतील खात्यांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०१६ मध्ये पुनरुज्जीवनाची कार्यपद्धतीही घालून दिली आहे. परंतु अनुभव असा की, कर्जदार नेमका याच काळात बँकेची पायरी टाळतो. पुढे नोटीस येते, ती पोस्टमनला परत केली जाते आणि आपण सुटलो असे त्याला वाटते. न्यायालयाचे समन्स घेण्यास नकार दिला तरी ते बजावले गेले असे मानता येते. मग कर्जदार गैरहजर असताना एकतर्फी हुकूमनामा होतो. व्याज चुकीचे लावले होते, दोन हप्ते जमाच झाले नव्हते, हे सांगण्याची संधी मुख्यतः तेथेच हातची जाते.

कर्ज फेडता न येणे हा फौजदारी गुन्हा नाही. त्यासाठी पोलीस घरी येतील, अशी धमकी कोणी दिली तर तिला कायद्याचा आधार नाही. वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. मात्र दिलेला धनादेश न वटल्यास, किंवा नजरगहाण असलेले यंत्र बँकेला न कळविता परस्पर विकल्यास, प्रकरण फौजदारी स्वरूप धारण करू शकते. हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

दावा कोणत्या न्यायालयात चालेल हे रकमेवर अवलंबून असते. २० लाखांच्या खालील वसुलीचे दावे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जात नाहीत; ते दिवाणी न्यायालयात चालतात. म्हणजेच मुद्रा कर्जदाराला सामान्यतः दूरच्या शहरी जावे लागत नाही. एक लाखाहून अधिक देणे असेल आणि त्यापोटी यंत्र वा माल नजरगहाण असेल, तर बँक २००२ च्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन तारणाचा ताबा घेऊ शकते. या नोटिशीवर कर्जदाराने लेखी हरकत घेतल्यास १५ दिवसांत तिचे उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. नोटिशीचे उत्तर लिहिण्याचे महत्त्व येथे आहे.

हे उत्तर कोणी लिहावयाचे? वकिलाची फी परवडत नाही हीच बहुतेकांची अडचण असते. १९७६ साली नांदेड येथे मराठवाडा ग्रामीण बँक स्थापन झाली. त्याच वर्षीच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व अनुच्छेद ३९-क अन्वये राज्यघटनेत आले. कर्ज गावापर्यंत पोहोचले. कायद्याचे साहाय्य पोहोचावयास अधिक काळ लागला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा असला तरी तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. आज नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असून तालुक्याच्या न्यायालयांत त्याच्या समित्या आहेत. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, दुष्काळ वा भूकंपासारख्या आपत्तीने पीडित झालेले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. चौकशीसाठी १५१०० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे.

याच अधिनियमाने लोकन्यायालयाला कायद्याचे अधिष्ठान दिले. दावा दाखल होण्यापूर्वीची प्रकरणेही तेथे घेतली जातात आणि राष्ट्रीय लोकअदालतींत बँकांची अशी प्रकरणे मोठ्या प्रमाणावर येतात. तेथे न्यायालयीन शुल्क लागत नाही. चालू दाव्यात तडजोड झाल्यास भरलेले शुल्क परत मिळते. परंतु लोकन्यायालय बँकेवर सवलत लादू शकत नाही. दोन्ही पक्षांची संमती हाच त्याचा पाया आहे. संमतीने झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो व त्यावर अपील नाही. उच्च न्यायालयात रिट अर्जाचा मार्ग आहे, तोही अत्यंत मर्यादित कारणांसाठी. म्हणून सही करण्यापूर्वीचा अर्धा तास हा साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा असतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. उदगीर येथील शिलाईकाम करणाऱ्या एका भगिनीकडे मुद्दल १ लाख २० हजार व व्याज ३० हजार, असे दीड लाख रुपये थकले आहेत. मार्चमधील लोकअदालतीत बँक म्हणते, १ लाख १० हजार एका महिन्यात भरा. चाळीस हजारांची सवलत ऐकून हर्ष होणे स्वाभाविक आहे, परंतु बाईंच्या हाती आहेत केवळ ४० हजार. संकोचाने त्यांनी ‘हो’ म्हटले आणि पैसे भरता आले नाहीत, तर सवलत रद्द होऊन संपूर्ण रक्कम व्याजासह वसूल करण्याची अट अशा तडजोडींत बहुधा घातलेली असते. मग बँक नवा दावा न करता थेट दरखास्त लावू शकते. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक करता येत नाही हे खरे, पण जप्तीचा मार्ग मोकळा राहतो.

त्याऐवजी बाईंनी आपला धंदा कसा चालतो ते मांडावे. ४० हजार आज, शाळेच्या गणवेशांच्या दिवसांत जूनअखेर २० हजार, दिवाळीनंतर २५ हजार आणि पुढील लग्नसराईत २५ हजार. एकूण रक्कम तीच. बँक हप्ते देईलच असे नाही. ते तिच्या धोरणावर अवलंबून आहे. परंतु रोख रक्कम आणि हिशेबाची वही समोर ठेवणाऱ्या कर्जदाराशी बोलणी करणे अधिकाऱ्यालाही सोपे जाते. जमत नसेल, तर नाही म्हणून उठावे. लोकन्यायालयात तडजोड झाली नाही म्हणून कोणाचा हक्क बुडत नाही. प्रकरण नियमित मार्गाने पुढे जाते.

जाताना मंजुरीपत्र, अद्ययावत खातेउतारा, भरणा पावत्या आणि आलेल्या सर्व नोटिसा बरोबर असाव्यात. खातेउताऱ्यावरून मुद्दल व व्याज वेगळे काढून घ्यावे. वकिलाकडून मुदतीचा प्रश्नही तपासून घ्यावा. पैशाच्या दाव्यास साधारणतः तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्यापूर्वी थकबाकीची लेखी कबुली दिल्यास ती नव्याने सुरू होते. कर्जदार मृत झाला असल्यास वारसांचे दायित्व वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतेच राहते, ही गोष्टही अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. जामीनदाराचे मात्र तसे नाही. कर्जदाराइतकाच तोही बांधील असतो, तेव्हा तडजोडीच्या मसुद्यात त्याच्या मुक्ततेचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा.

ठरलेली रक्कम भरून झाली की बँकेकडून बेबाकी दाखला घ्यावा, दिलेले कोरे धनादेश परत मागावेत आणि नजरगहाणाची नोंद उतरवून घ्यावी. सवलतीने मिटलेल्या खात्यापुढे पतमाहिती कंपनीच्या अहवालात ‘तडजोडीने बंद’ अशा आशयाची नोंद राहते व नवे कर्ज मागताना ती अडचणीची ठरू शकते. संपूर्ण रक्कम भरणे शक्य असेल तर सवलत घ्यावी की नाही, याचा विचार त्यासाठी आधीच करावा. दाखला मिळाल्यावर दोन-तीन महिन्यांनी हा अहवाल मागवून खाते बंद दाखविले आहे किंवा नाही ते पाहावे. नोंद चुकीची असल्यास प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी व तिची पोच घ्यावी.