थांबायचे, पण कोणत्या लग्नापर्यंत?



काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाळेने मला नववीच्या मुलामुलींशी बोलायला बोलावले होते. विषय होता ‘किशोरवय आणि आरोग्य’. वर्गात जाण्यापूर्वी सरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "फादर, फार खोलात जाऊ नका. संयमाचे तेवढे सांगा." शाळेत सर्व धर्मांची मुले, म्हणून मी बायबल पिशवीतच ठेवले आणि साध्या शब्दांत सांगितले की शरीर ही देवाची देणगी आहे, शरीरसंबंध ही लग्नानंतरची गोष्ट आहे, तोपर्यंत थांबा. तास चांगला झाला असे मला वाटले. शेवटी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगितले, म्हणजे कोणी लाजणार नाही. एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिले होते: "माझं लग्न दिवाळीनंतर आहे. मग मी दिवाळीपर्यंतच थांबायचं का?"

मी ती चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. दुसऱ्या चिठ्ठ्यांची उत्तरे दिली, त्या चिठ्ठीचे दिले नाही. हे लिहिताना आजही मला बरे वाटत नाही. या रविवारचा पाठ म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर आहे असे समजा.

शाळेत हा विषय शिकवावा की नाही, यावर आपल्या राज्यात मोठा वाद होऊन गेला आहे. केंद्र सरकारने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या साहाय्याने ‘किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम’ आखला. नववी आणि अकरावीसाठी साधारण १६ तासांचा तो अभ्यासक्रम होता. २००७ साली त्यातील चित्रांवरून आणि भाषेवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्र सरकारने तो थांबवला. त्या वेळी आपल्या शेजारच्या लातूरचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री होते. मध्य प्रदेश, कर्नाटक आणि आणखी काही राज्यांनीही तसेच केले. पुढे प्रकरण राज्यसभेच्या याचिका समितीकडे गेले. एम. व्यंकय्या नायडू अध्यक्ष असलेल्या त्या समितीने २००९ च्या अहवालात म्हटले की शाळेत लैंगिक शिक्षण नको, आणि लग्नापूर्वी शरीरसंबंध नको हा संदेश मात्र मुलांना द्यावा.

आपल्यातले पुष्कळ लोक म्हणतील, समितीने आपल्या मनातलेच सांगितले. एका अर्थाने खरे आहे. पण ख्रिस्तसभा ‘शिकवूच नका’ असे कधी म्हणालेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात मुलांना वाढत्या वयाबरोबर सकारात्मक आणि विवेकी लैंगिक शिक्षण मिळावे असे सांगितले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये हा पहिला हक्क आणि पहिले कर्तव्य आईबापांचे आहे असे स्पष्ट केले. शाळेने ते आईबापांच्या देखरेखीखाली करावे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या ‘अमोरिस लेतित्सिया’ या पत्रात त्यावर स्वतंत्र भाग लिहिला. मग आपल्या घरात हे कर्तव्य कोण करतो? माझा अनुभव असा की आई म्हणते सिस्टर सांगतील, सिस्टर म्हणतात शाळा सांगेल, शाळा म्हणते वरून आदेश नाही. मध्ये मोबाइल आहे, तो कोणाच्या आदेशाची वाट पाहत नाही.

(जाता जाता एक गोष्ट. र. धों. कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात, म्हणजे ख्रिस्ती मिशनच्या कॉलेजात, गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारामुळे त्यांना १९२५ मध्ये ती नोकरी सोडावी लागली. त्यांची मते मला मान्य नाहीत आणि ख्रिस्तसभेलाही नाहीत. पण लोकांना शरीराविषयी खरे सांगावे म्हणून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत पदरमोड करून चालवले. आपण जे खरे मानतो ते सांगण्यासाठी तेवढे कष्ट आपण घेतो का, हे मी स्वतःला विचारतो.)

आता संयमाविषयी. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांनी अॅरिस्टॉटलकडून घेतलेला एक भेद आम्हाला शिकवला होता. एक माणूस वासनेशी झगडून स्वतःला आवरतो. दुसऱ्याची वासनाच शहाणी झालेली असते, त्याला आवरावे लागत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर एक बैल दाव्याला बांधलेला आहे म्हणून दुसऱ्याच्या रानात शिरत नाही. दुसरा सुटा असूनही बांधाच्या अलीकडेच चरतो. शाळेतला बहुतेक उपदेश पहिल्या प्रकारचा असतो: रोग होईल, बदनामी होईल, पोट वाढेल. भीतीचे दावे काही काळ टिकते, पण ते तुटते. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानंतर ‘लग्नापर्यंत थांबा’ एवढेच शिकवणाऱ्या वर्गांवर सरकारने मोठा खर्च केला. २००७ मध्ये त्यांच्याच संसदेने करवून घेतलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या वर्गांत बसलेली मुले आणि न बसलेली मुले यांच्या वागण्यात फरक आढळला नाही. यावरून काही जण म्हणतात की संयम शिकवणेच व्यर्थ आहे. मला तसे वाटत नाही. आठवड्यातला एक तास घर, गल्ली आणि मोबाइल यांच्याविरुद्ध एकटा लढू शकत नाही, एवढेच त्यातून दिसते. सद्गुण हा सवयीने येतो, आणि सवय घरात लागते.

पोप होण्यापूर्वी कारोल वोयतिला यांनी १९६० मध्ये ‘प्रेम आणि जबाबदारी’ या अर्थाचे पुस्तक लिहिले. त्यातला मुख्य विचार असा की माणूस ही वापरायची वस्तू नाही. मुलामुलींना मला हेच शिकवायचे आहे. ज्याच्यावर प्रेम आहे असे म्हणतोस त्याला तू वापरतो आहेस का? हा प्रश्न मुलालाही आहे. आपल्याकडे संयमाचा सगळा उपदेश मुलीला आणि सगळी मोकळीक मुलाला असते. मुलगी खिडकीत उभी राहिली तर बोलणे खाते, मुलगा रात्री अकराला आला तर ताट झाकून ठेवलेले असते. शुद्धतेची आज्ञा देवाने दोघांना एकच दिली आहे.

आणि हाच प्रश्न आईबापांनाही आहे. इथे मी त्या चिठ्ठीकडे येतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ४४ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. संपूर्ण राज्यात हे प्रमाण शंभरात सुमारे २२ आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यात ‘लग्नापर्यंत थांब’ याचा अर्थ पुष्कळ मुलींना ‘पंधरापर्यंत थांब’ असा ऐकू येतो. बापाला तर त्याहून वेगळे ऐकू येते: ‘पोरगी बिघडायच्या आत उरकून टाक.’ आपण संयम शिकवतो आणि बाप मुहूर्त शोधतो. संयमाची शिकवण भीतीवर उभी केली की ती बालविवाहाला हातभार लावते, हे मला त्या दिवशी कळले.

त्या दुपारी मी वर्गशिक्षकांना चिठ्ठी दाखवली. अक्षरावरून त्यांनी मुलगी ओळखली. आम्ही दोघे घरी गेलो. बाप मुकादमाकडे गेला होता, उचल घ्यायला. आईने चहा केला, आमचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "फादर, तुमचं खरं हाय. पण आम्ही दसऱ्यानंतर कारखान्यावर जातो ते पाडव्यापर्यंत. आम्ही दोघं पहाटे चारला फडात. हिला कुठं ठेवू? कोपीला दार नसतं."

कोपीला दार नसते. या वाक्यावर माझ्याजवळ कोणतेही तत्त्वज्ञान नव्हते. शिवाय सगळ्यांना ठाऊक आहे की उचल कोयत्यावर मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोराचे लग्न लावले की घरात एक कोयता वाढतो. ती आई दुष्ट नव्हती. मुलीची अब्रू आणि घराचे कर्ज या दोन काळज्या एका लग्नात मिटतील असे तिला वाटत होते.

पण त्या मिटत नाहीत. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण हवीत. लग्न लावणाऱ्यालाही, मग तो भटजी असो, भंतेजी असो की फादर, २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पत्नी अठराच्या आतली असेल तर तिच्याशी ठेवलेला संबंध बलात्कारच ठरतो. म्हणजे मंगळसूत्राने किंवा अंगठीने तो संबंध निर्दोष होत नाही. सोळाव्या वर्षी दिवस गेलेली मुलगी दवाखान्यात गेली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरांना पोलिसांना कळवावेच लागते.

कोणी मला म्हणेल, फादर, ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेत तर मुलीचे वय १४ आहे. होय, १९८३ च्या संहितेत वैधतेसाठी किमान वय मुलीचे १४ आणि मुलाचे १६ लिहिले आहे. ती सगळ्या जगासाठी आहे. त्याच संहितेत असेही आहे की देशाच्या कायद्याला मान्य होणार नाही असे लग्न धर्मगुरूने महागुरूस्वामींच्या परवानगीशिवाय लावू नये. आपल्या चर्चमध्ये तीन रविवार वेदीवरून नावे पुकारण्याआधी मी जन्माचा दाखला मागतो तो यासाठीच. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतले वर्ष ‘जरा’ मागे घेण्याची विनंती माझ्याकडे येते. ती कृपा करून पुन्हा करू नका.

आणखी एक गोष्ट वयापेक्षाही मूळची आहे. ख्रिस्तसभेत लग्न कशाने होते? हाराने नाही, जेवणावळीने नाही, मी दिलेल्या आशीर्वादानेही नाही. दोघांच्या स्वतंत्र संमतीने होते. धाकाने किंवा जबरदस्तीने घेतलेली संमती ही संमतीच नव्हे, असे लग्न रद्दबातल ठरते. मग चौदा वर्षांच्या मुलीला जे विचारलेच गेले नाही, त्यापर्यंत ‘थांब’ म्हणणे म्हणजे काय? मुली, तू जिथे असशील तिथे, माझे उत्तर असे: तू दिवाळीपर्यंत थांबायचे नाही. तुला ‘हो’ म्हणता येईल आणि ‘नाही’ही म्हणता येईल त्या दिवसापर्यंत थांबायचे. आणि तोपर्यंत तुला थांबू देणे हे आमचे काम आहे.

त्या घरच्यांनी लग्न पुढे ढकलतो असे लिहून दिले. ग्रामसेवकांनाही कळवले होते. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. मग टोळी गेली. पुढच्या जूनमध्ये मी त्या शाळेत चौकशी केली, तेव्हा पटावर तिचे नाव नव्हते. कुठे गेली ते कोणाला सांगता आले नाही.

म्हणून यंदा कामाला लवकर लागू या. दसऱ्याआधीच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या खोलीत बैठक आहे. ज्यांची टोळी जाणार आहे अशा सर्व घरांतून आई आणि बाप दोघांनीही यावे. एकट्या आईला पाठवू नये. मुलींशी सिस्टर वेगळ्या बोलतील, मुलांशी मी बोलेन, आणि आधी आईबापांना सांगितल्याशिवाय मुलांना काही सांगितले जाणार नाही. शाळेचे हंगामी वसतिगृह कोणाला हवे, कोणाची मुलगी नातेवाइकांकडे ठेवता येईल, कोणाकडे एक खाट जास्त आहे, याची यादी तिथेच करू. ग्रामीण रुग्णालयातील ‘मैत्री’ केंद्राची आणि बालकांसाठीच्या १०९८ या मोफत क्रमांकाची माहितीही मिळेल. आजी-आजोबांना मुद्दाम घेऊन या. मुली राहायच्या त्यांच्याकडेच आहेत, आणि त्यांना काय अडचण येते हे आम्हाला त्यांच्याच तोंडून ऐकायचे आहे.

तुमचा,
धर्मग्रामगुरू