आजीचे पाय, आईचे पाय आणि तुझे

अगं, तू विचारलंस ना, "ताई, आजीला होतं, आईला आहे, आता मलाही. उद्या लेकीलाही होणार का?" हीच काळजी घेऊन तू रात्री घरभर फेऱ्या मारतेस, ते मला बघवत नाही. म्हणून आज नीट बोलू.

आधी हे मनातून काढ, की तू उगीच बाऊ करतेस. अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्या वळवळतात, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, चाललं की बरं वाटतं, पडलं की पुन्हा सुरू. दिवसा फारसं काही नसतं, संध्याकाळनंतर वाढतं. डॉक्टर याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६७२ मध्ये याचं वर्णन केलं होतं. पुढे १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी त्यावर सविस्तर प्रबंध लिहिला. आपली आजी पोटरीला फडकं घट्ट बांधून झोपायची आणि घरातले म्हणायचे, दिवसभराचा शीण आहे. तो नुसता शीण नव्हता गं.

घराण्याचा संबंध खरा आहे. या त्रासाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या घरात आणखी कोणाला तरी तो असतो, आणि पंचेचाळिशीच्या आत सुरू झाला तर आनुवंशिकतेचा वाटा जास्त धरतात. २००७ मध्ये संशोधकांना मेइस१, बीटीबीडी९ अशा जनुकांपाशी याचे धागे सापडले. २०२४ पर्यंत जनुकसंचातल्या अशा जागांची संख्या दीडशेच्या वर गेली.

एवढ्या जागा म्हटल्यावर घाबरू नकोस, उलट धीर धर. एकच जनुक सगळं ठरवत असतं तर गोष्ट वेगळी होती. इथे बहुतेक बदल थोडाथोडा कल देतात. बीटीबीडी९ मधला धोका वाढवणारा बदल तर शांत झोपणाऱ्या असंख्य माणसांतही असतो. तेव्हा लेकीला धोका इतरांपेक्षा जास्त आहे हे खरं, पण तिला होणारच असं कोणीही सांगू शकत नाही. जनुकचाचणीवर पैसे घालवू नकोस. निदान तुझ्या लक्षणांवरूनच होतं.

आता नीट ऐक. आइसलंडच्या अभ्यासात बीटीबीडी९ चा बदल असलेल्यांच्या शरीरात लोहाचा साठा कमी दिसला. मेंदूला डोपामिन तयार करायला लोह लागतं, आणि या त्रासात मेंदूतलं लोह कमी पडतं. जनुक तुला बदलता येणार नाही, लोहाचा साठा मात्र भरून काढता येतो. हा त्रास बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर फारच. बाळंतपणानंतर तो बहुतेकींचा ओसरतो. आपल्याकडे लोहाकडे लक्ष देणं आणखी महत्त्वाचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला.

नुसतं हिमोग्लोबिन बघून "सगळं छान" म्हणून परतू नकोस. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, तपासायला सांग. हिमोग्लोबिन चांगलं असूनही साठा रिकामा असू शकतो. या त्रासात फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. लॅबच्या कागदावर तोच आकडा 'नॉर्मल' छापलेला असेल, म्हणून डॉक्टरांना पायांचं आवर्जून सांग. गोळ्या मनाने सुरू करू नकोस, जास्त लोहही घातक असतं. गोळी घेतेस तेव्हा आसपास चहा नको. जेवणात लिंबू, आवळा असू दे. रात्रीची कॉफी बंद.

औषधांची यादीही डॉक्टरांना दाखव. सर्दीच्या झोप आणणाऱ्या काही गोळ्या, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, नैराश्यावरची काही औषधं हा त्रास वाढवतात. पण चालू औषध परस्पर थांबवू नकोस. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार नाही ना, हेही तपासून घे. लोहाने भागलं नाही तरी गाबापेंटिनसारखी औषधं आहेत.

आणि आईला विचार गं, तिला केव्हापासून होतंय. ती आपणहून सांगणार नाही. "माझं काय एवढं" म्हणत आयुष्य काढलंय तिने. तुझ्याबरोबर तिचंही फेरिटिन करून घे. लेक उद्या कधी म्हणाली की पाय कसेतरी होतात, तर "वाढीचं वय आहे" म्हणून गप्प करू नकोस, तिला तपासून घे. आजीला जे कोणी विचारलं नाही, ते तिला पहिल्याच दिवशी विचारणारं माणूस घरात आहे, हा तिचा मोठा फायदा.