आधी कपाळावरची आठी, मग शब्द

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर-पवनीकडचं कुठलंही घर घ्या. रोवणी आटोपून बाप येतो. पाय चिखलानं भरलेले, कंबर गेलेली, कपाळावर आठी. दहावीतल्या पोराला तो एवढंच विचारतो, "का रे, जेवला का?" पोरगा फणकारतो, "काहून चिल्लावून रायले बाबा?" बाप चिल्लावलेलाच नसतो. पोरानं प्रश्न ऐकला नाही, आठी वाचली.

यात उद्धटपणा कमी आणि वय जास्त आहे. भावना टिपणारा मेंदूतला भाग, अमिग्डला, या वयात फार जागा असतो. त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो. न्यूयॉर्कच्या बी. जे. केसी यांच्या चमूनं २००८ साली भावना दाखवणारे चेहरे समोर ठेवून मेंदूचे स्कॅन घेतले. लहान मुलं आणि मोठी माणसं, दोघांपेक्षाही किशोरांचा अमिग्डला जास्त पेटलेला दिसला. पुढे २०११ मध्ये याच चमूनं अशाच तिन्ही वयोगटांना सांगितलं की हसरा चेहरा दिसला की बटण दाबायचं नाही. तिथंही जास्त चुकले ते किशोरच. म्हणजे ओढ रागाकडेच असते असं नाही, हसऱ्या चेहऱ्याकडेही असते. हसऱ्या चेहऱ्यांनी भरलेला मोबाइल हातातून का सुटत नाही, ते यातून थोडं उमगतं.

काय करावे

• थकवा तोंडानं सांगा. "रोवण्यानं कंबर गेली, तुझ्यावर राग नाही." आठीचा अर्थ पोरानं लावण्याआधी तुम्हीच सांगून टाका.

• महत्त्वाचं बोलणं एकट्यात करा. बांधीच्या धुऱ्यावर, सायकलवरून येताना. शेजारी शेजारी चालताना चेहरे समोरासमोर नसतात, बोलणं सोपं जातं.

• भावनेला त्याच्याच बोलीत नाव देऊ द्या. "जीव घाबरा होऊन रायला" म्हटलं तरी पुरे. भावनेला शब्द दिला की अमिग्डला थोडा निवतो, असं २००७ च्या एका प्रयोगात दिसलं. तो मोठ्या माणसांवरचा होता, पण पोरांसोबत करून पाहायला पैसे लागत नाहीत.

• झोप मोजा. १३ ते १८ वयाला रात्री ८ ते १० तास लागतात. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री आमच्या झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत पाहून आलेल्या पोराशी दुसऱ्या दिवशी मार्कांचा विषय काढूच नका. नाटक मात्र पाहू द्या.

• दोन आठवडे जेवण-झोप बिघडली, मित्र तुटले, तर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. जीव नकोसा झाल्याचं बोलला, तर त्याच क्षणी लावा आणि त्याला एकटं सोडू नका.

काय टाळावे

• पानठेल्यावर, पाहुण्यांसमोर निकाल विचारणं. ही चूक मी स्वतः केली आहे. मंडईत भाचीला मैत्रिणींसमोर टक्के विचारले. ती हसली, भजी हातात तशीच धरून निघून गेली आणि दिवाळी संपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मित्रांची नजर या वयात फार जड असते. फिलाडेल्फियाच्या लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याचा एक खेळ पोरांना दिला. मित्र पाहत असले की पोरं जास्त धोका पत्करत. मोठ्यांवर त्या नजरेचा तसा परिणाम झाला नाही.

• "नाटकं करू नको" म्हणणं. झाडीपट्टीत तरी हा शब्द शिवीसारखा वापरू नये.

• "रडते का पोरीसारखा?" हे तर नकोच.

• भांडण तापलेलं असताना मोबाइल हिसकणं. नियम सकाळी, पोट भरल्यावर ठरवा.

• "अजून डोकं पिकलं नाही" म्हणून त्याचं मत उडवून लावणं. डोकं थंड असलं की सोळा वर्षांचं पोर मोठ्यांइतकाच नीट विचार करतं. शाखा कोणती घ्यायची, कॉलेज साकोलीचं की नागपूरचं, हे त्याला विचारूनच ठरवा.

• नागपूरच्या हॉस्टेलवरच्या पोराशी मेसेजवर वाद घालणं. नुसत्या "बरं" या शब्दाला चेहरा नसतो, तो पोरगा स्वतः लावतो आणि अनेकदा रागाचा लावतो. फोन करा, रात्रीच्या जेवणानंतर. पैशाचा विषय शेवटी काढा.