जुन्या लॅपटॉपचें घड्याळ आणि त्याच्या दोन बॅटऱ्या

लॅपटॉप जुना झाला म्हणजे त्याच्याविषयीं दोन तक्रारी बहुधा एकदमच कानीं येतात. एक, बॅटरी टिकत नाहीं. दुसरी, तारीख चुकते. दोन्ही बरोबर येतात म्हणून पुष्कळ लोक त्यांचें कारणही एकच समजतात, आणि हजारों रुपये मोजून नवी मोठी बॅटरी आणतात. कांहीं दिवस सर्व सुरळीत चालतें. मग एके दिवशीं ती बॅटरी पुरती उतरते, आणि यंत्र पुन्हां सुरू करून पाहावें तों तारीख कोणत्या तरी जुन्या वर्षाची एक जानेवारी! या घोटाळ्याचें मूळ एवढेंच कीं, बहुतेक जुन्या लॅपटॉपांत बॅटऱ्या दोन असतात हें मालकाला ठाऊक नसतें. आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं २०२० सालच्या टाळेबंदींत, किंवा त्यानंतर, कोणा नातलगानें वापरून दिलेला असा लॅपटॉप आलेला आहे. म्हणून या विषयाचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

मोठी बॅटरी यंत्राला चालण्याची शक्ति देते. लहान बॅटरी ही नाण्याएवढी चपटी असून, यंत्र बंद असतांना त्यांतील घड्याळ चालू ठेवणें हें तिचें मुख्य काम. १९८१ सालीं निघालेल्या आय. बी. एम. कंपनीच्या पहिल्या वैयक्तिक संगणकांत ही सोय नव्हती. तो सुरू केला कीं आधीं मालकालाच आजची तारीख व वेळ विचारी. १९८४ सालच्या 'ए. टी.' नांवाच्या नमुन्यांत त्याच कंपनीनें बॅटरीवर चालणारें घड्याळ बसविलें, आणि तीच पद्धति पुढें रूढ झाली. आतां एक गंमत पाहा. मोठ्या बॅटरींत जीव आहे तोंपर्यंत बहुतेक लॅपटॉपांत घड्याळाचा भारही तीच उचलते, आणि धाकटी संपलेली असली तरी तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. थोरली बसली कीं धाकटीचें उणेंही उघडें पडतें. दोन्ही तक्रारी एकदम येतात त्या अशा.

हें घड्याळ चालतें गारगोटीवर. शेतांत नांगराच्या फाळाला जी पांढरी गारगोटी लागते, तिच्याच जातीच्या पण कारखान्यांत तयार केलेल्या स्फटिकाचा, नादकाट्याच्या आकाराचा एक सूक्ष्म तुकडा आंत असतो. वीज मिळाली म्हणजे तो सेकंदाला ३२,७६८ वेळां कंप पावतो. हाच आंकडा कां? गणिताच्या विद्यार्थ्यांनीं त्याला दोनानें भागीत जावें. पंधराव्या भागाकारास बरोबर एक उरतो. आंतील मंडल हेंच करतें. कंपनांची संख्या पंधरा वेळां निम्मी करून सेकंदाचा ठोका मिळवितें. असला स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत नीट चालतो, आणि त्याहून ऊन किंवा थंडी फार झाली तर मंदावतो. ४५ अंशांवर हा फरक दिवसाला सुमारें एक सेकंद भरतो. तेव्हां खानदेशांतील वैशाखांत बंद खोलींत ठेवलेल्या यंत्राचें घड्याळ महिन्यांत अर्धें-पाऊण मिनिट मागें पडलें, तर तो दोष समजूं नये.

म्हणून घड्याळ चुकलें एवढें म्हणून भागत नाहीं. किती चुकलें हें आधीं पाहावें. चूक बरोबर साडेपांच तासांची असेल तर बॅटरीला हात लावूं नये. भारताची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपांच तास पुढें आहे. विंडोज ही प्रणाली आंतल्या घड्याळांत स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स सामान्यतः जागतिक वेळ ठेवते. एकाच यंत्रांत दोन्ही बसविल्या असल्या म्हणजे एकीनें लिहिलेलें दुसरी भलत्याच अर्थानें वाचते. हें भांडण दोन कारकुनांचें आहे. दौतींतली शाई कांहीं संपलेली नाहीं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवावयास सांगितलें कीं तें मिटतें. चूक साडेबारा किंवा साडेतेरा तासांची असेल, तर परदेशांतून आलेल्या त्या यंत्रावर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ तशीच राहिली आहे असें समजावें. परंतु मोठी बॅटरी उतरून वीजही गेली, कीं तारीख दरवेळीं त्याच एका जुन्या वर्षावर जाऊन बसते, असें घडत असेल, तर लहान सेल संपला याविषयीं शंका नको.

घड्याळ चुकलें तर बिघडलें काय, भिंतीवर दुसरें आहेच, असें कोणी म्हणेल. एके काळीं हें म्हणणें चाललेंही असतें. शिंदखेडा हें गांव भारताच्या प्रमाणरेषेच्या, म्हणजे ८२ अंश ३० कला पूर्व या रेखांशाच्या, पश्चिमेस सुमारें पावणेआठ अंश आहे. अंशास चार मिनिटें या हिशेबानें येथील सूर्य घड्याळाच्या सुमारें एकतीस मिनिटें मागें चालतो. १९०६ सालीं प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबई शहरानें आपली एकोणचाळीस मिनिटें मागची वेळ पुढें कित्येक दशकें सोडली नाहीं. तरीही पत्रें पोंचत होतीं आणि बाजार भरत होते. संगणकाचें जग एवढें उदार नाहीं. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपल्या खरेपणाचें एक प्रमाणपत्र बाळगतें, आणि तें अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत ग्राह्य असें त्यावर नमूद असतें. आपलें यंत्र तें आपल्याच घड्याळाशीं ताडून पाहतें. यंत्राच्या मतें आज २०१२ सालची एक जानेवारी असेल, तर अलीकडे दिलेलें प्रमाणपत्र त्याला अजून लागूच न झालेलें वाटतें, आणि तें दार लावून घेतें. क्रोम आपलें घड्याळ मागें असल्याचें स्पष्ट सांगतें. इतरत्र नुसतें 'जोडणी सुरक्षित नाहीं' अशा अर्थाचें कांहीं दिसतें, आणि विद्यार्थी इंटरनेटच्या नांवानें बोटें मोडतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावयाचा असतो. २०२५ सालापासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर, म्हणजे आपल्या तालुक्यांतही, ऑनलाइन झाला. शेवटल्या दिवशीं रात्रीं अकरा वाजतां हें दार बंद झालें तर त्या मुलाचें वर्ष कोण भरून देणार? अशा वेळीं सेल आणावयास धांवूं नये. वर्ष, तारीख व वेळ हातानें बरोबर करावी. वेळेच्या विभागांत 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' ही ओळ निवडावी. आणि मगच इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यावी. तारीख आधीं हातानें सुधारण्याचें कारण असें कीं, फरक पंधरा तासांहून मोठा असला तर घरगुती विंडोज ती दुरुस्ती सहसा आपण होऊन करीत नाहीं. अर्ज पुरा होईपर्यंत चार्जर काढूं नये. सूचना दुर्लक्षून 'तरीही पुढें जा' दाबण्याची संवय मात्र फार वाईट. एखादें प्रमाणपत्र खरोखरच खोटें असेल तेव्हां हीच संवय आपला पासवर्ड चोराच्या हातीं देईल.

पुढें सवडीनें सेल बदलावा. त्यावरील अक्षरें म्हणजे निरर्थक खुणा नव्हेत. 'सी. आर. २०३२' यांत पहिलें अक्षर लिथियम व मँगनीज डायॉक्साइड ही रसायनांची जोडी सांगतें, दुसरें गोल आकार. वीस म्हणजे व्यास २० मिलिमीटर, आणि बत्तीस म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट. किंमत थोड्या रुपयांची. लॅपटॉपांत तो पुष्कळदां प्लॅस्टिकांत गुंडाळून दोन तारांनीं जोडलेला असतो. असा सेल तारांसकट तयार मिळतो, तोच घ्यावा, घरीं सेलला डाग देऊं नये. कांहीं यंत्रांत 'एम. एल.' अक्षरांचा, पुन्हां भरतां येणारा सेल असतो. त्याच्या जागीं 'सी. आर.' कदापि बसवूं नये, कारण जो भरावयाचा नाहीं त्यांत वीज कोंबली जाऊन तो फुटण्याचें भय असतें. यंत्र बंद करून, चार्जर व मोठी बॅटरी काढून, चालू करण्याची कळ दहा सेकंद दाबून धरावी आणि मगच झांकण उघडावें. अलीकडच्या कित्येक लॅपटॉपांत हा सेल नसतोच; तेथें मोठी बॅटरीच दोन्ही कामें करते.

मोठ्या बॅटरीविषयीं थोडेंच सांगण्यासारखें आहे, कारण तिचें वार्धक्य परत फिरत नाहीं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ व 'बॅटरीरिपोर्ट' असें लिहिलें म्हणजे एक अहवाल तयार होतो. त्यांत मूळ क्षमता ४८,००० आणि आजची १२,००० दिसली, तर चौथा हिस्साच शिल्लक आहे हें उघड झालें. चार्जर लावूनही बॅटरी ऐंशीच्या पुढें भरत नसेल, तर नवी आणण्यापूर्वीं ऐंशीला थांबण्याची सोय कोणी चालू करून ठेवली आहे काय तें पाहावें. ती सोय हिताची असते. लिथियम बॅटरीला उष्णता आणि सदैव काठोकाठ भरलेलें असणें, हीं दोन्ही बाधतात. उन्हाळ्याच्या सुटींत यंत्र कपाटांत ठेवावयाचें तर निम्मी बॅटरी भरून, पत्र्याच्या छपराखालीं नव्हे, गार जागीं ठेवावें.

कळफलक मध्येंच उचललेला दिसला, किंवा झांकण नीट बसेनासें झालें, तर बॅटरी फुगली आहे. यंत्र तत्काळ बंद करावें, चार्जर काढावा; ती दाबूं नये, टोंचूं नये, उघडूं नये. बाद बॅटऱ्या कचऱ्यांत किंवा चुलींत न टाकतां परत गोळा करण्याचें बंधन २०२२ सालच्या बॅटरी कचरा नियमांनीं उत्पादकांवर घातलें आहे. म्हणून जुनी बॅटरी अशा संग्रहकेंद्रावर पोंचती करावी. काढलेल्या लहान सेलच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावावी आणि तो घरांतील रांगत्या मुलाच्या हातीं लागूं देऊं नये. तो गिळला जाऊन अन्ननलिकेंत अडकला, तर दोन तासांच्या आंतच आंतील भाग भाजूं लागतो. अशा मुलाला, तें रडत नसलें तरी, क्षणाचाही विलंब न करतां इस्पितळांत न्यावें.