दुसऱ्या पायरीवरचे सामने

(जागतिक स्पर्धांमध्ये सगळे देश एकाच पातळीवर खेळत नाहीत. खालच्या पातळीवरील संघांना वर जाण्यासाठी आधी आपसांत खेळावे लागते. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात महिला टेनिसची अशीच एक स्पर्धा झाली. तिची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

कोणत्याही विश्वचषकाचे नाव काढले की आपल्याला अंतिम सामना आठवतो. विजेत्या संघाचे नाव आपल्याला पाठ असते. पण त्या स्पर्धेच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी कोणते देश कोठे खेळले आणि कोण दारातूनच परतले, असे विचारले तर वर्गात एकही हात वर होत नाही.

बहुतेक खेळांत देशांची एक शिडी असते. बर्फावरच्या हॉकीचेच उदाहरण घ्या. नागपूरच्या उन्हाळ्यात या खेळाची कल्पना करणे कठीण आहे! यात खेळाडू पाते लावलेले बूट घालून बर्फावर खेळतात आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते. या खेळाच्या जागतिक स्पर्धेत सर्वांत वरच्या गटात सोळा देश असतात. त्याखालच्या पायरीवर सहा देशांचा गट असतो. त्यातले पहिले दोन देश वर जातात आणि शेवटचा खाली येतो.

2018 साली या दुसऱ्या पायरीची स्पर्धा हंगेरीच्या बुडापेस्ट शहरात झाली. शेवटच्या दिवशी ग्रेट ब्रिटन आणि हंगेरी समोरासमोर होते. हंगेरी 2-1 ने पुढे होता. जिंकला असता, तर तोच वर जाणार होता. सामना संपायला सोळा सेकंदही उरले नव्हते. तेवढ्यात ब्रिटनच्या रॉबर्ट फार्मरने गोल केला आणि बरोबरी झाली. ब्रिटनला तेवढेच पुरेसे होते. 1994 नंतर प्रथमच तो देश वरच्या गटात गेला. आपल्याच प्रेक्षकांसमोर हंगेरीचे खेळाडू मात्र खालीच राहिले.

आता आपल्या राज्याकडे वळू. महिला टेनिसमध्ये देशांची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे बिली जीन किंग चषक. ती 1963 साली फेडरेशन चषक या नावाने सुरू झाली. पहिल्याच वर्षी अमेरिकेचा संघ जिंकला आणि बिली जीन किंग त्या संघात होत्या. पुढे स्त्री-खेळाडूंना पुरुषांइतके बक्षीस मिळावे म्हणून त्या झगडल्या. 2020 साली या स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले.

या स्पर्धेतही शिडी आहे. आपल्या भागातील देशांसाठी आशिया-ओशनिया गट आहे आणि त्याचेही वरचा व खालचा असे भाग आहेत. वरच्या भागाला ‘गट एक’ म्हणतात. 2025 मध्ये त्यात सहा देश होते : भारत, न्यूझीलंड, दक्षिण कोरिया, थायलंड, चिनी तैपेई आणि हाँगकाँग. प्रत्येक देशाने उरलेल्या पाचही देशांशी खेळायचे. पहिले दोन देश पुढच्या फेरीत जाणार आणि शेवटचे दोन खालच्या गटात घसरणार, असा नियम होता.

एका देशाची दुसऱ्या देशाशी लढत म्हणजे तीन सामने : दोन एकेरी आणि एक दुहेरी. एकेरीत दोन्ही देशांचा एकेक विजय झाला, तर सगळा भार दुहेरीच्या जोडीवर येतो. (‘सामना’ हा शब्द तुम्हाला परका नाही. उर्दूत त्याचा अर्थ समोरासमोर येणे असा आहे. मराठीत खेळाच्या मैदानावर तो याच अर्थाने गेला आणि तेथेच स्थिरावला.)

ही स्पर्धा 8 ते 12 एप्रिल या काळात पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडासंकुलात झाली. पाच दिवस आणि पाच लढती, मध्ये एका दिवसाचीही विश्रांती नाही. त्याच दिवसांत आयपीएलचे क्रिकेट चालू होते. संध्याकाळी घरोघरी दूरदर्शन संचावर काय लागलेले असेल, हे सांगायला नको.

भारतीय संघात सहजा यमलापल्ली, श्रीवल्ली रश्मिका भमिडीपाती, वैदेही चौधरी, अंकिता रैना आणि प्रार्थना ठोंबरे या पाच खेळाडू होत्या. विशाल उप्पल हे संघाचे न खेळणारे कर्णधार होते. यातली अंकिता मूळची अहमदाबादची, पण तिने अनेक वर्षे पुण्यात राहून सराव केला. प्रार्थना तर आपल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची. बार्शीचे नाव ज्वारीच्या बाजारासाठी घेतले जाते, टेनिससाठी नव्हे. तेथून निघालेल्या या मुलीने 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्येही या दोघी जोडीने खेळल्या.

पहिल्याच दिवशी भारताची गाठ न्यूझीलंडशी पडली. त्यांच्या संघात लुलू सन होती. 2024 साली विंबल्डनमध्ये ती उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचली होती. श्रीवल्लीने आपला एकेरी सामना जिंकला, पण लढत भारताने 1-2 अशी गमावली. सहा देशांतून दोनच पुढे जाणार आणि सुरुवातीलाच हार! आता आणखी एक पराभव झाला, तर सगळे संपण्याची भीती होती.

पण तसे झाले नाही. भारताने थायलंडला हरवले, मग हाँगकाँगला, मग चिनी तैपेईला. शेवटच्या दिवशी दक्षिण कोरियावर 2-1 असा विजय मिळवून भारत गटात दुसरा आला. न्यूझीलंड पहिला होता. हैदराबादच्या श्रीवल्लीने पाच दिवसांत पाच एकेरी सामने खेळले आणि पाचही जिंकले. माझ्या मते या स्पर्धेची खरी नायिका तीच.

अशा खेळाला मराठीत ‘जिद्द’ म्हणतात. उर्दूत ‘ज़िद’ म्हणजे हट्ट, आणि त्याबद्दल मुलांना घरी बोलणी बसतात. तोच शब्द मराठीत आला आणि कौतुकाचा झाला.

भारताने ही पायरी यापूर्वी एकदाच ओलांडली होती. मार्च 2020 मध्ये दुबईत हीच स्पर्धा झाली. मुलाच्या जन्मानंतर सानिया मिर्झा नुकतीच पुन्हा खेळू लागली होती. शेवटच्या लढतीत इंडोनेशियाशी 1-1 अशी बरोबरी झाली. तेव्हा सानिया आणि अंकिता यांनी दुहेरीचा सामना जिंकून भारताला प्रथमच पुढच्या फेरीत नेले. त्या वर्षी सानियाला स्पर्धेचा ‘हार्ट’ पुरस्कार मिळाला. त्याची रक्कम तिने करोनाच्या संकटात तेलंगणाच्या मुख्यमंत्री साहाय्यता निधीला दिली. पुढची लढत साथीमुळे लांबली. ती एप्रिल 2021 मध्ये लाटव्हियात झाली. समोर फ्रेंच स्पर्धेची माजी विजेती येलेना ओस्टापेंको होती. भारत हरला.

पुण्याच्या विजयानंतरही शिडी सोपी झाली नाही. पुढची फेरी 14 ते 16 नोव्हेंबर 2025 या दिवसांत बंगळूरला झाली. मैदान आपले, प्रेक्षकही आपले; पण समोर युरोपातील स्लोव्हेनिया आणि नेदरलँड्स हे देश होते. दोन्ही लढतींत भारताचा पराभव झाला. स्लोव्हेनिया पुढे गेला आणि भारत पुन्हा आशिया-ओशनियाच्या गट एकमध्ये आला. तेथे पुन्हा सहा देश, पुन्हा एकामागून एक पाच लढती, आणि वर जाणाऱ्यांसाठी जागा दोनच.

शब्दार्थ
प्रस्तुत – समोर असलेला, हा
एकेरी – एका खेळाडूविरुद्ध एक खेळाडू असा सामना
दुहेरी – दोन-दोन खेळाडूंच्या जोड्यांचा सामना
गाठ पडणे – समोरासमोर येणे
बोलणी बसणे – रागावून घेणे
ओलांडणे – पार करून जाणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बिली जीन किंग चषकाचे पहिले नाव काय होते?
(आ) प्रार्थना ठोंबरे कोणत्या गावची आहे?
2. पहिल्या दिवशी हरूनही भारत गटात दुसरा कसा आला, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
3. ‘सामना’ आणि ‘जिद्द’ यांसारखे उर्दू व मराठी दोन्ही भाषांत असलेले चार शब्द शोधा. त्यांचे अर्थ दोन्ही भाषांत सारखेच आहेत का, ते सांगा.
4. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या अटीतटीच्या सामन्याचे वर्णन करा.