गोधडीची आखणी आणि घरातील शिवणाची जागा

पुणे-सातारा रस्त्यावरील चेलाडी फाट्यावरून आत वळले की नसरापूर लागते आणि तेथूनच वेल्ह्याच्या खोऱ्याकडे वाट जाते. हा भाग भरपूर पावसाचा, मुख्य पीक भाताचे. झोडणी उरकून पेंढा रचला गेला म्हणजे येथील घरोघरी ट्रंकेतील जुनी लुगडी बाहेर निघतात आणि पडवीत गोधडीचे काम सुरू होते. शेतीच्या पत्रिकेत गोधडीचा विषय कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. परंतु ज्या पडवीत गोधडी शिवली जाते तिच्या एका टोकास पेंढा असतो आणि भिंतीपलीकडे गोठा. या शेजाराचा विचार न केल्यामुळे काय घडते ते मी पाहिले आहे, व त्यात दोष माझाही होता. तो प्रसंग जागेविषयी लिहिताना सांगेन. आधी कापडाचा हिशेब घेऊ.

गोधडीसाठी कापड सुतीच हवे. हल्ली जुन्या साड्यांत कृत्रिम धाग्याच्या साड्या पुष्कळ असतात व हाताला त्या चटकन ओळखू येत नाहीत. चार दोरे काढून चिमट्यात धरून जाळावेत. सुताचा वास कागद जळल्यासारखा येतो व मऊ राख पडते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. दोन्ही जातींचे थर एकत्र घातल्यास धुण्यात सूत आटते, दुसरे आटत नाही, आणि गोधडी फुगवटे धरते. म्हणून सर्व कापड कापण्यापूर्वीच गरम पाण्यात धुऊन वाळवून घ्यावे. फवारणीच्या वेळी अंगावर असलेले कपडे, औषधाची पुसणी आणि बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या पिशव्या कितीही धुतल्या तरी गोधडीत घालू नयेत. अंथरूण रात्रभर अंगास लागून असते व त्यात लहान मुले निजतात.

नऊवारी लुगडे सुमारे २७ फूट लांब व ४५ इंच रुंद भरते. त्याचे ५ फुटांचे ५ तुकडे पडतात. दोन तुकडे काठाशी जोडले की ९० इंच लांब व ६० इंच रुंद असा एक थर होतो. म्हणजे एका लुगड्यातून दोन थर निघून एक तुकडा शिल्लक राहतो. पाच थरांच्या गोधडीस १० तुकडे लागतात. कागदावर दोन लुगडी पुरतात, पण बसण्याच्या जागी लुगडे विरलेले असते व ते तुकडे टाकावे लागतात. म्हणून तीन लुगडी हाताशी ठेवावीत. सर्वांत मजबूत कापड तळाला, विरळ झालेले मध्ये, आणि रंग टिकलेले वर घालावे. पाचवारी साडीतून एक थर निघतो व सुमारे आठ फूट कापड उरते. ते ठिगळांच्या कामी येते.

आता आखणी. पुष्कळ भगिनी म्हणतात की आम्ही काही आखत नाही, हाताला येईल तो तुकडा लावतो. अनुभवी हातांना ते शोभते. परंतु नवीन शिकणारीने कागदावर आखल्याशिवाय कात्री हाती घेऊ नये. मुलांची चौकडीची वही पुरेशी आहे. एक घर म्हणजे सहा इंच असे मानावे. वरील मापाच्या गोधडीत दोन्ही बाजूंस सहा-सहा इंच व डोक्या-पायाकडे नऊ-नऊ इंच किनार सोडली तर आत ४८ इंच रुंद व ७२ इंच लांब जागा उरते. तीत आडवी ८ आणि उभी १२, अशी एकूण ९६ घरे बसतात. प्रत्येक तुकडा सात इंचांचा कापावा. चहूबाजूंनी अर्धा इंच आत दुमडला की सहा इंच राहतो. साधा पट करावयाचा तर ४८ गडद व ४८ फिके तुकडे लागतील. आधी ते मोजून गठ्ठे करावेत. निम्मे काम झाल्यावर हिरवा संपला, अशी तक्रार मग येत नाही.

गडद कोणता व फिका कोणता, हे रंगाच्या नावावरून ठरत नाही. जुना लाल पुष्कळदा नव्या पोपटीपेक्षा फिका असतो. तुकडे जमिनीवर मांडून दिवेलागणीच्या अंधूक उजेडात पाहावेत. किंवा मोबाइलवर छायाचित्र घेऊन ते कृष्णधवल करावे, म्हणजे निकाल चटकन लागतो. चौकोन कोनाकोनी कापून गडद-फिके त्रिकोण जोडले तर त्याच ९६ घरांत चक्र, शिडी किंवा डोंगराची रांग उठवता येते. त्रिकोणाची तिरपी कड मात्र ओढली की ताणते. ती हाताळताना खेचू नये व दुमडून लगेच टाचून घ्यावी. मधोमध पदराचा किंवा खणाचा एक मोठा तुकडा ठेवून भोवती काठांच्या पट्ट्या लावणे ही आपल्याकडील जुनी रीत. माझ्या मते नवशिकीने तिच्यापासूनच आरंभ करावा. जोडकाम थोडे आणि शोभा अधिक.

नियम सांगितले तरी नजर ही नियमांहून मोठी आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे, पूर्वी कापूस पिकवणाऱ्या कुळांचे असलेले खेडे आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया शेतात वापरून फाटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. त्यांच्या रेषा वाकड्या व चौकोन कमीजास्त, पण रंगांचा तोल असा की २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या मांडल्या गेल्या आणि २००६ साली तेथील सरकारने त्यांची टपाल तिकिटे काढली. बंगालची नक्षी कांथाही जुन्या साड्यांच्या थरांवरच उभी आहे, व पश्चिम बंगालला तिच्यासाठी २००८ साली भौगोलिक चिन्हांकन मिळाले.

थर एकावर एक अंथरताना चारही कोपऱ्यांवर वजन ठेवावे. मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या बाहेर काढाव्यात आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. आपल्याकडे धावदोरा कडेने सुरू करून फिरत फिरत मध्यापर्यंत नेतात. कच्चे टाके नसतील तर सैल कापड पुढे सरकत शेवटी मध्ये गोळा होते. दोऱ्याचा हिशेब शेतकऱ्यास सोपा वाटेल, कारण तो ओळींच्या अंतराचाच आहे. ६० गुणिले ९० म्हणजे ५४०० चौरस इंच. ओळींत पाऊण इंच अंतर ठेवले तर ७२०० इंच, म्हणजे ६०० फूट शिवण होते. टाक्यांची उंचसखल धरून सुमारे २२० मीटर दोरा लागतो; दुहेरी घेतल्यास ४४० मीटर. ओळी याहून दाट घातल्या तर गोधडी टिकाऊ होते पण ऊब घटते, कारण थरांत अडकलेली हवाच ऊब देते व दाट टाक्यांनी ती दाबली जाते.

जागेसाठी वेगळी खोली हवी असे नाही. सहा फूट लांब व चार फूट रुंद कोपरा पुरे. उजव्या हाताने शिवणाऱ्या स्त्रीस उजेड डाव्या बाजूने यावा, नाहीतर हाताची सावली सुईवर पडते. पायमशीन असल्यास तेही खिडकी डावीकडे येईल असे ठेवावे. भिंतीला दोन खुंट्या व एक फळी ठोकावी. फळीवर तुकड्यांचे गठ्ठे रंगवार बांधून ठेवावेत; कात्री, माप व दोऱ्याचा डबा खुंटीच्या पिशवीत ठेवावा. औषधांच्या बाटल्या त्या फळीवर कधीही ठेवू नयेत.

आता तो प्रसंग. काही वर्षांपूर्वी नसरापूरजवळच्या एका वाडीत बचत गटाच्या भगिनींना मी सांगितले होते की घरात उजेड कमी आहे, तर पडवीत बसा. उजेडाचा सल्ला योग्य होता. पण पडवीच्या टोकास पेंढा रचलेला होता, तिकडे माझे लक्ष गेले नाही. पुढील पावसाळ्यात त्यांतील एका घरची दुभती गाय चारा सोडू लागली. दूध एकदम आटले, पाठ कमानीसारखी झाली, पुढचे कोपर बाहेर काढून ती उभी राही व उतारावर पाऊल टाकीना. मग गळ्याखालच्या पोळीला सूज आली. पशुवैद्यक आले तोवर उशीर झाला होता. शवविच्छेदनात हृदयाच्या आवरणात गोधडीची सुई निघाली. त्या घरच्या मावशी मला एवढेच म्हणाल्या, "साहेब, सुई हरवली तेव्हा दिवसभर शोधली होती हो." त्यावर मला उत्तर सुचले नाही.

गाय चारा निवडून खात नाही व प्रथम नीट चावतही नाही. जड वस्तू तिच्या पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात, जाळीपोटात, जाऊन बसते. तेथून हृदय एका पातळ पडद्यापलीकडे असते. पोट आकुंचन पावताना सुई पुढे सरकते. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिवणवर्ग सुरू करताना प्रथम पेंढा कोठे आहे ते पाहावे. शिवण आणि वैरण यांमध्ये भिंत हवी. ते अशक्य असेल तर शिवताना खाली एकरंगी चादर अंथरावी आणि उठताना ती अंगणात, वैरणीपासून दूर, कागदावर झटकावी. सुया सकाळी मोजून घ्याव्यात, संध्याकाळी मोजून ठेवाव्यात. मोडलेल्या सुईचे दोन्ही तुकडे झाकणाच्या डबीत टाकावेत. जुन्या ध्वनिवर्धकातील लोहचुंबक दोरीला बांधून जमिनीवरून फिरवला तर हरवलेली सुई सापडते. सुई वैरणीत गेल्याचा संशय असेल तर लाजू नये, पशुवैद्यकास त्याच दिवशी सांगावे. जनावरास पोटात चुंबक देऊन सुई धरून ठेवण्याचा उपाय आहे, पण तो वेळीच व्हावा लागतो.

पावसाळ्यापूर्वी गोधड्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवाव्यात. वरचा थर सुकला तरी आतील ओल राहते. दोन तळव्यांत दाबून थंड लागली तर अजून ओली आहे असे समजावे. ट्रंक विटांवर उचलून ठेवावी व आत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. तान्ह्या मुलांच्या दुपट्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. त्यांचा वास काही मुलांच्या रक्तास अपायकारक ठरतो.

बनेश्वरास व राजगडावर येणारी मंडळी आता हाताच्या गोधड्या विचारतात. किंमत सांगण्यापूर्वी एक ओळ घड्याळ लावून शिवून पाहावी. समजा तासात १२ फूट शिवण होते, तर ६०० फुटांस ५० तास लागले. ती गोधडी २,००० रुपयांस दिली तर दोरा, कापड व जोडकाम न धरताही ताशी ४० रुपयेच पडले. भातलावणीच्या मजुरीशी हे ताडून मगच होकार द्यावा. ज्या भगिनी कपडे शिवण्याचा व्यवसायही करतात त्यांनी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची चौकशी ग्रामपंचायतीत करावी. तीत शिंपीकामाचा समावेश आहे. साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद आहे. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीस लाभ घेता येतो, म्हणून अर्ज कोणाच्या नावे करावयाचा हे घरात आधी ठरवावे.